शिराझची ठेव

कोपर, डोंबिवली (प.)
२९ सप्टेंबर २०२५

चि. दर्शना हिस,
अनेक आशीर्वाद.

जुलैत तू घरी येऊन वाद्य घेऊन गेलीस, त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र. फोन केला असता, पण यंत्र लावूनही माझ्या कानात नुसती खरखर येते, हे तू पाहिलंस. म्हणून भाच्याच्या, सुदेशच्या हाती हे देते आहे. तो रोज वागळे इस्टेटला कामाला येतो. वर्तकनगरला तुमच्या संग्रहालयाशी थांबून जाईल. उत्तरही त्याच्याकडेच दे.

त्या दिवशी तू वहीत लिहून विचारलं होतंस, हे ‘तार’ नावाचं इराणी वाद्य तुमच्याकडे कसं आलं? मी म्हटलं, तिकडे नोकरीला होते. ते अर्धंच होतं. शिराझच्या इस्पितळात माझ्या वॉर्डात फिरूझे नावाची नर्स होती. हे वाद्य तिच्या वडिलांचं. एकोणऐंशीच्या जानेवारीत आम्ही भारतीय नर्सेस परत निघालो तेव्हा तिकडे क्रांतीचे वाईट दिवस होते, गाणं-बजावणं पाप ठरू लागलं होतं. घरात वाद्य ठेवायची त्यांना भीती वाटत होती. फिरूझे ते शालीत गुंडाळून घेऊन आली आणि म्हणाली, तुझ्याकडे ठेव, मी न्यायला येईन. मी हो म्हटलं. मग पत्रं थांबली, पत्ते बदलले.

आता तिचा पत्ता लागला आहे. ती आहे, शिराझलाच आहे, अंथरुणाला खिळलेली. तिची मुलगी महीन मस्कतला नोकरी करते. ती १४ डिसेंबरला माझ्याकडे येणार आणि वाद्य आईकडे नेणार.

तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला ते परत हवं. जसं दिलं तसं. आमच्या बिल्डिंगची गच्ची गळते म्हणूनच तुमच्याकडे दिलं होतं, नाहीतर इतकी वर्षं कोणाच्या हाती दिलं नव्हतं. पावसाळ्यात कपाटात झिरोचा दिवा लावून ठेवायची मी. समोरचं कातडं कोवळ्या कोकराचं आहे, कांद्याच्या सालीएवढं पातळ. ते तेवढं बघ.

तुझी,
रंगूबाई परब

~

विठ्ठलवाडी
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय परब सिस्टर,
सविनय नमस्कार.

पत्र दसऱ्याच्या आधीच आलेलं, पण मी रजेवर होते. आईबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेले. सोमवारी कामावर आले, म्हणून उत्तराला उशीर झाला. क्षमा असावी.

फिरूझेबाईंचा पत्ता लागला हे वाचून खूप आनंद झाला. वाद्य व्यवस्थित आहे. हवा बदलते आहे म्हणून सध्या ते काचेतून काढून आतल्या खोलीत ठेवलंय. जुन्या वस्तूंना आम्ही मधूनमधून अशी विश्रांती देतो. काळजी करू नका.

एक विचारायचं होतं. समोरचं कातडं तुम्ही कधी कशाने पुसायचात का? सहज विचारते.

आपली,
दर्शना गमरे

~

कोपर
१७ ऑक्टोबर २०२५

चि. दर्शना,
आशीर्वाद.

कातडं मी कधीच पुसलं नाही. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस. पाण्याचा हात तर नाहीच.

पण ‘सहज’ का विचारलंस? मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. नातेवाईक सहज काही विचारत नाहीत आणि डॉक्टर सहज काही सांगत नाहीत. काही झालं आहे का?

रविवारी सुदेश त्याच्या सान्वीला घेऊन मुद्दाम तुमच्याकडे गेला. पोरीला आजीचं वाद्य दाखवायचं होतं. काच रिकामी. विश्रांतीचं तू लिहिलं होतंस, ते मी त्याला सांगितलं. पण तो म्हणतो, खालची पाटीसुद्धा काढलेली आहे. माझं नाव होतं ती. वाद्य विश्रांती घेतं हे समजलं, पाटी कशाला विश्रांती घेते?

दारातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, ‘साहेबांना विचारा.’ साहेब म्हणजे तुमचे प्रमुख, मोकाशी सरच ना? ऑगस्टमध्ये त्यांनी मला पत्र पाठवलं होतं, वाद्य संग्रहालयाला कायमचं दान द्यावं म्हणून. मी नाही म्हणून कळवलं होतं. तुला हे माहीत होतं का?

बाकी दसरा झाला. दर वर्षी मी वाद्याच्या पिशवीशेजारी झेंडूचं एक फूल ठेवते. यंदा कपाटात रिकाम्या जागी ठेवलं. तुमच्याकडे ठेवलं का कोणी?

लगेच उत्तर दे.

रंगूबाई परब

~

वर्तकनगर, ठाणे
३० ऑक्टोबर २०२५

प्रति,
श्रीमती रंगूबाई परब

महोदया,
आपल्या १७ ऑक्टोबरच्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, आपण प्रदर्शनासाठी दिलेले वाद्य संग्रहालयाच्या ताब्यात सुरक्षित असून त्याची नियमित देखभाल सुरू आहे. देखभालीच्या काळात ते पाहण्यास उपलब्ध होणार नाही. परत देण्याची तारीख काम पूर्ण झाल्यावर कळविण्यात येईल.

संग्रहालयाकरिता,
दर्शना गमरे, सहायक

सिस्टर, वरचं सरांनी सांगितलं तसं टाईप केलंय. तब्येत जपा. — द.

~

कोपर
८ नोव्हेंबर २०२५

श्रीमती दर्शना गमरे यांस,
स. न. वि. वि.

आपले छापील पत्र पावले. देखभाल कसली ते त्यात नाही, तारीखही नाही. मी आजारी वस्तू दिली नव्हती.

तू माझ्या घरी बसून दोन वेळा पोहे खाल्लेस, वाद्य मांडीवर घ्यायच्या आधी हात धुऊन, कोरडे करून आलीस, ते पाहून मी दिलं. तुझ्या साहेबांकडे पाहून दिलं नव्हतं. आज तीच मुलगी खाली थेंबभर शाईत ‘तब्येत जपा’ लिहिते. तुम्हाला ते ठेवून घ्यायचं आहे, हे मला कळलं आहे. म्हातारी आहे, बहिरी आहे, किती दिवस मागेल, असा हिशोब दिसतो.

सुदेश म्हणतो, मावशी, वकिलाकडे जाऊ. मी त्याला थांबवलं आहे, कारण वकील लागला की तारखा लागतात आणि महीन १४ डिसेंबरला दारात उभी राहणार. तिला मी काय दाखवू? तुमचं छापील पत्र?

रात्री कपाट उघडून बघते आणि पुन्हा लावते. फिरूझेला मी हो म्हटलं होतं. दुसरं काही तिने मला मागितलं नव्हतं.

१८ तारखेपर्यंत वाट बघेन.

रंगूबाई परब

~

विठ्ठलवाडी
१५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय परब सिस्टर,

हे पत्र सरांना माहीत नाही. घरी बसून लिहिते आहे. सुदेशदादांना स्टेशनवर गाठून देईन.

वाद्य ठेवून घ्यायचा कोणाचा विचार नाही. त्याच्या कातड्यावर डाग पडला आहे. कुंकवाचा.

आमच्याकडे दर दसऱ्याला सगळ्या वाद्यांची पूजा होते. ट्रस्ट सुरू झाल्यापासूनची पद्धत आहे. हळद-कुंकू बोटावर ओलं करून प्रत्येक वाद्याला लावायचं, वर झेंडूचं फूल ठेवायचं. सतार, वीणा, सारंगी, सगळ्यांना. लाकडावरचं दुसऱ्या दिवशी पुसून जातं. यंदा सरांनी उसन्या आणलेल्या वाद्यांच्या काचाही उघडल्या. ‘ती पाहुणी आहेत, त्यांना वगळायचं का?’ असं म्हणाले म्हणे. तुमच्या वाद्याला त्यांनी बोट लावलं ते नेमकं कातड्यावर, कारण समोर तेवढंच होतं. फूलही त्यावरच ठेवलं आणि पुढे सुट्ट्या आल्या. मी सोमवारी आले तेव्हा फूल कुजून चिकटलेलं. ते काढलं. खाली रुपयाएवढा लाल डाग, भोवती पिवळं, आणि ओल लागून कातडं तिथे किंचित सैल झालेलं. फाटलेलं नाही. हे मी रोज बघते. फाटलेलं नाही.

काचेची किल्ली माझ्याकडे असते. रजेवर जाताना मी ती सरांकडे दिली. नियमाप्रमाणे कपाटात सील करून ठेवायला हवी होती. ‘सील बिल काय, मी आहे ना,’ असं ते म्हणाले आणि मी दिली.

तेव्हाच का नाही लिहिलं, हे तुम्ही विचाराल. मी पूजेला कधी थांबत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात हे करत नाहीत. कोणी काही म्हणत नाही, पण लक्षात ठेवतात. मी डागाबद्दल तोंड उघडलं असतं तर कातड्याचं कोणी ऐकलं नसतं. हिला पूजाच खुपते, एवढंच ऐकलं असतं. माझी नोकरी डिसेंबरपर्यंतच्या करारावर आहे. कोणी विचारू नये म्हणून सरांनी पाटीही काढली आणि म्हणाले, मी बघतो, तू गप्प राहा. मी गप्प राहिले.

आता त्यांनी ठरवलंय की मंगळवारी तबल्याच्या दुकानातला नाथा येईल आणि जुनं कातडं काढून नवं चढवेल. म्हणाले, म्हातारीला काय कळणार आहे. हे वाक्य लिहू की नको, मी खूप वेळ विचार केला.

कातडं बदललं तर डाग जाईल. पण मग तुम्ही महीनला ‘जसं दिलं तसं’ म्हणाल, आणि ते खोटं असेल, आणि तुम्हाला ठाऊकही नसेल. हे माझ्याच्याने होत नाही.

तुम्ही मंगळवारच्या आत काहीतरी करा.

दर्शना

~

कोपर
१६ नोव्हेंबर २०२५

दर्शना,

आज रविवार, तरी सुदेशला तुझ्या घरी पाठवते आहे.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं, हे खरं सांगते. वाद्य आहे. कोणी लाटलेलं नाही. मग राग आला. तो अजून आहे. डागाचा राग मोकाशींवर आहे. तुझ्यावर आहे तो इतके दिवस मला अंधारात ठेवल्याचा. मी इकडे तुला चोर ठरवून बसले होते. ते माझं मला आता बरं वाटत नाही, आणि तेही तुझ्यामुळेच.

मी दर दसऱ्याला फूल ठेवते ते पिशवीशेजारी. पिशवीवरसुद्धा नाही. वस्तू दुसऱ्याची आहे, तिच्या माणसांना चालेल का, हे मला माहीत नाही, म्हणून. यात तू कोणत्या घरची हा प्रश्न येतोच कुठे? कोणी काढलाच तर मला लिहून कळव, मी बघते.

मंगळवारी सकाळी मी येते. तोवर कोणी हात लावायचा नाही. फिरूझेला काय सांगायचं ते अजून मला सुचलेलं नाही.

रंगूबाई

~

विठ्ठलवाडी
२१ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सिस्टर,

मंगळवारी तुम्ही सरांच्या टेबलासमोर बसून होतात, पण तिथे काय बोलणं झालं ते तुम्हाला कळलं नसणार. सुदेशदादा रिक्षा शोधायला खाली गेलेले. म्हणून लिहिते.

तुम्ही आल्या आल्या सर ओरडून म्हणाले, ‘काकू, बसा, बसा! चहा घ्या!’ तुम्ही म्हणालात, ‘वाद्य.’ ते म्हणाले, ‘अहो, काम चालू आहे, आठवड्याने या!’ तुम्ही पुन्हा म्हणालात, ‘वाद्य.’ सर मला म्हणाले, ‘हिला लिहून दे, आज जमणार नाही.’ मी वहीत लिहिलं ते तुम्ही वाचलंच. मी लिहिलं होतं, ‘उठू नका.’

तेवढ्यात नाथा हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्याने तुमच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, तुमचं आधी मिटवा, मग मला बोलवा. उगाच माझ्या डोक्यावर नको.’ आणि गेला.

मग रचना मॅडम आल्या. त्या ट्रस्टी आहेत, त्यांना मीच सकाळी फोन केलेला. त्यांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, किल्लीसकट. तेव्हा सर म्हणाले, ‘दर्शना, तुला पूजेचाच प्रॉब्लेम आहे ना? सरळ बोल ना तसं.’

मला वाटलेलंच की हे येणार.  रचना मॅडम म्हणाल्या, ‘मोकाशी, पूजेचं मी विचारलेलंच नाही. दुसऱ्याच्या वस्तूची काच कोणी उघडली, ते विचारलं.’ सर म्हणाले, ‘श्रद्धेने केलं हो.’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि नवं कातडं? तेही श्रद्धेने?’ 

तुम्ही या सगळ्या वेळात भिंतीवरच्या सारंगीकडे बघत होतात.

मी वाद्य आणून तुमच्या पुढ्यात ठेवलं, तेव्हा तुम्ही डागाकडे बघितलंच नाही. आधी उलटं करून मागचं लाकूड चाचपलं, मग मानेला गुंडाळलेले आतड्याच्या तातीचे पडदे एकेक करून बघितलेत, आणि कातडं सगळ्यात शेवटी. तुमचा चेहरा बघायचं मला धाडस झालं नाही.

तुम्ही वाद्य घेऊन गेल्यावर आमचा शिपाई काळुराम मला जिन्यात गाठून म्हणाला, ‘मॅडम, फूल मीच ठेवलेला. सरांनी सांगला म्हनून. तुमाला कोन बोलंल तर माजा नाव सांगा.’ मी सांगितलेलं नाही.

मला गॅलरीतून काढून तिकिटाच्या खिडकीवर बसवलंय. कराराचं डिसेंबरअखेर बघू, असं मॅडम म्हणाल्या.

आता सगळा जीव १४ तारखेत अडकलाय. महीन डाग बघून काय म्हणेल? नेणारच नाही म्हणाली तर? डाग माझ्या ताब्यात असताना पडला. मी येऊन तिला सांगू का? तुम्ही म्हणाल तर येईन.

कातडं आणखी सैल झालं का, तेवढं कळवा.

दर्शना

~

कोपर
१६ डिसेंबर २०२५

चि. दर्शना,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मुद्दाम उत्तर दिलं नाही. तुला बोलावलं असतं तर मी तुझ्या आड उभी राहिले असते. ठेव मी घेतली होती, सांगायचं मीच होतं.

रविवारी महीन आली. उंच, केस कापलेले, डोळे थेट फिरूझेचे. माझी फारसी आता ‘कुठे दुखतं’ आणि ‘उद्या घरी’ एवढीच उरली आहे, म्हणून तिने पॅडवर इंग्रजीत लिहायचं आणि मी बोलायचं असं ठरलं. चहाही न विचारता मी वाद्य पुढे ठेवलं आणि आधी डागावर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. पूजा म्हणजे काय, हेही सांगितलं. मोकाशींचं सांगितलं, नाथाचं सांगितलं. तुझं नाव घेतलं, कारण तू न लिहितीस तर मी तिच्यापुढे खोटं वाद्य ठेवलं असतं.

  मग तिने फोन उघडून आईला लावला.

दर्शना, पडद्यावर फिरूझे होती. तोंडात दात नाहीत, डोक्याला रुमाल. मी तिला ओळखलं ते तिच्या भुवईवरून. तिने मला ओळखलं का, माहीत नाही, पण ती रडत होती. महीनने फोन डागाजवळ नेला आणि बरंच बोलली. फिरूझेने ऐकून घेतलं, आणि हसायला लागली. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला असेल. महीनने लिहिलं: ‘आई विचारते, तू इतक्या वर्षांत कातडं एकदाही बदललं नाहीस? ते तर दर काही वर्षांनी बदलतात. आजोबांनीच तीन-चारदा बदललं होतं. माझे बाबा गेले, पण त्यांचं लाकूड आहे ना, असं आई म्हणते.’

म्हणजे मी झिरोच्या दिव्याखाली जे जपलं, ते कधीच बदलायचं होतं. तुझे मोकाशी सर त्या बाबतीत बरोबर होते, हे त्यांना मुळीच कळू देऊ नकोस. बदलायचं ते ज्याचं वाद्य त्याने, विचारून. चोरून नाही.

पण खरी कठीण वेळ पुढे आली. फिरूझे आणखी काहीतरी म्हणाली आणि महीनने पॅड माझ्याकडे सरकवलं. ‘आई म्हणते, माझे हात आता थरथरतात. घरात वाजवणारं कोणी नाही. ते तूच ठेव. आता ते तुझंच आहे.’

क्षणभर मला वाटलं, ठेवावं. खोटं कशाला सांगू. कपाटात ते नसतं तेव्हा मला झोप लागत नाही, हे मी नोव्हेंबरात बघितलं आहे. आणि तिने आपणहून दिलं होतं.

मी म्हटलं, नाही. महीनला म्हटलं, तिला सांग, तू न्यायला येईन म्हणालीस म्हणून मी सांभाळलं. आता ते माझ्याकडे राहिलं, तर मी सांभाळलं असं होणार नाही. मी परत दिलं नाही, एवढंच होईल. महीनने हे सांगितलं की आणखी काही, मला कळायला मार्ग नाही.  मग फिरूझेने होय म्हणून मान हलवली.

काल सकाळी महीन गेली. मी वाद्य माझ्या जुन्या नऊवारीत गुंडाळून दिलं. मांडीवर घेऊन बस, सामानात टाकू नकोस, असं तीनदा सांगितलं. मस्कतला एक रात्र, मग शिराझ. पोचल्यावर निरोप पाठवते म्हणाली. माझा फोन बिनकामाचा, सुदेशचा नंबर तिने चुकीचा उतरवून घेतला असावा असं आता वाटतं आहे. तुझा नंबर मी तिला दिला होता. काल दिवसभर काही नाही. आज दुपार झाली. विमानात त्या बायका हातातलं सामान वर ठेवायला लावतात ना? वर दुसऱ्याची बॅग आदळली तर? डागाचं कातडं चालेल, लाकूड फुटलं तर ते कोण बदलणार?

निरोप आला असेल तर कितीही वाजलेले असोत, कोणाला तरी पाठव.

तुझी,
रंगूबाई

~

विठ्ठलवाडी
१८ डिसेंबर २०२५

आदरणीय सिस्टर,

निरोप मध्यरात्री आला. महीन लिहिते, विमान चुकलं म्हणून एक दिवस जास्त गेला. वाद्य पूर्ण वेळ मांडीवर होतं. सुखरूप आहे.

फोटो पाठवलाय. पहाटे स्टेशनजवळच्या दुकानाचं शटर वाजवून छापून घेतला आणि सोबत जोडलाय. सुदेशदादांच्या पहिल्या गाडीआधी त्यांना देते.

फोटोत फिरूझेबाई उशीला टेकून बसल्यात. वाद्य मांडीवर आहे, अजून तुमच्या लुगड्यातच. फक्त मान बाहेर काढलीय. महीनने खाली लिहिलंय, ‘आई कापड सोडू देत नाही. म्हणते, आधी तिला कळव की पोचलं.’

तुम्हाला कळलं, एवढं मी तिला कळवते.

दर्शना